बिस्नाला विचारलं नव्हतं

८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी आज एक खरी केस आली. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण इथं तरी खरं लिहावं. कल्याण पूर्वेच्या विहारात, वरच्या खोलीत, प्रीतीताईंनी बायकांसाठी शनिवारचं मोफत कायदा केंद्र सुरू केलं तेव्हा मी उत्साहाने नाव दिलेलं. तेव्हापासून रेशनकार्डावरचं नाव, भाडेकरार, शेजाऱ्याची पाण्याची मोटर, एवढंच. एरवी कोर्टात माझ्या वाट्याला, ज्यांच्या हाताखाली वकिली शिकतेय त्या सरांसाठी तारीख मागून घेण्याचं काम.

दुपारी ताई एका बाईला घेऊन आल्या. डोंबिवलीतल्या एका दवाखान्यातल्या नर्सने ताईंना फोन केलेला. मनगट मोडलंय, पडले म्हणते, पण तसं वाटत नाही, आणि घरी सोडायचं नाव काढलं की लेकीला घट्ट धरून बसते. बाईचं नाव बिस्ना. नेपाळची, अछाम जिल्ह्यातली. पंचविशीच्या आतली असेल. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या कडेवर चार वर्षांची सरू. नवरा हर्क, तोही तिकडचाच, डोंबिवलीत चायनीजची गाडी लावतो. लग्न करून त्याने तिला इकडे आणलं.

हिंदी येतं तिला, पण तुटक. माझ्या प्रत्येक प्रश्नाला "हजुर" म्हणायची आणि गप्प. शेवटी तिनेच एक प्रश्न विचारला. "मेरेको बॉर्डर पे छोड़ेगा?"

नवऱ्याने सांगून ठेवलंय की तू परदेशी आहेस, पोलिसांकडे गेलीस तर तुला जेल आणि पोरगी अनाथाश्रमात. तिचं नेपाळच्या नागरिकतेचं कार्डही त्याने स्वतःकडे ठेवलंय. मी तिला नीट समजावलं. नेपाळच्या माणसाला इथं राहायला व्हिसा लागत नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला संरक्षण देणारा जो कायदा आहे तो ती कुठल्या देशाची हे विचारत नाही. मला वाटतं मी चांगलं बोलले. ती ऐकत होती की नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती, कळलं नाही.

संध्याकाळी ताईंनी दोघींना खारेगावच्या महिला आश्रमात पोचवलं. आमच्या कळव्याच्या घरापासून ते चालत जाण्यासारखं आहे, म्हणजे मला जाऊन-येऊन राहता येईल.

जेवताना आईला सगळं सांगितलं. आईने विचारलं, "हात कुठला मोडलाय?" उजवा, म्हटलं. "मग पोरीला भरवतं कोण?" ते मी विचारलंच नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोर्टातून येताना आश्रमात गेले. तिथं दाराची आणि स्वयंपाकाची दोन्ही कामं आवडाबाई बघतात, खारेगावच्याच आगरी बाई, साठीच्या पुढच्या. सरूला त्याच भरवतात. बिस्ना भिंतीला टेकून बसलेली. मी विचारलं, हात कसा मोडला? "पैर फिसला." कधी? "याद नहीं." याआधी कधी मारलं? डोकं हलवलं, पण हो की नाही ते समजलं नाही.

सरांना केसबद्दल बोलले. परदेशी बाईने घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली केलेला अर्ज त्यांनी कल्याणला अजून बघितला नाही म्हणे. नीट लढलीस तर तुझं नाव होईल, म्हणाले. ते वाक्य दिवसभर डोक्यात होतं.

पण बाई बोलेल तेव्हा ना. नेपाळी जाणणारं कोणीतरी शोधायला हवं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुभाषा मिळाला, आणि तोही उत्तम. नरजित रावल. टेंभी नाक्याजवळच्या एका मोठ्या सोसायटीत सुपरवायझर आहेत. तीसेक वर्षं ठाण्यात काढलीत. मराठी इतकं स्वच्छ बोलतात की फोनवर मला ते आपल्याकडचेच कोणी वाटले. इकडच्या नेपाळी लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे ते प्रमुख. कोणाचं प्रेत गावी पाठवायचं असो की कोणाचं भांडण मिटवायचं असो, लोक त्यांच्याकडे जातात. मी विनंती केली तर लगेच हो म्हणाले. रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत.

आश्रमात पुरुषांना घेत नाहीत, म्हणून बिस्नाला कल्याणला केंद्रात आणलं. त्यांना बघताच तिने ओढणी डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढली आणि वाकून नमस्कार केला. त्यांच्यात वडीलधाऱ्यांचा मान फार, हे मला आवडलं.

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. ती खूप वेळ बोलायची, खाली बघत, एका सुरात. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मला मोजक्या शब्दांत सांगायचे. नवरा कधीकधी पितो. प्यायला की आवाज चढतो. एकदा धक्का लागला. पण मनाने वाईट नाही. घर तुटू नये असं तिला वाटतं. पोरीला बाप हवा.

मी निराश झाले. खरं तर चिडलेच. घर सोडून येते, मनगट मोडून घेते, आणि वर नवरा मनाने वाईट नाही. मी त्यांना विचारलंही की एवढं बोलली, त्यात अजून काही नव्हतं का? ते हसून म्हणाले, "ताई, बायका एकच गोष्ट दहा वेळा सांगतात. मी मुद्द्याचं तेवढं सांगितलं."

निघताना त्यांनी आपुलकीने चौकशी केली. बरं ठेवलंय ना तिला? भात मिळतो ना? आमच्या माणसांना भाताशिवाय चालत नाही. मी सांगितलं, काळजी करू नका, खारेगावला तलावामागच्या आश्रमात आहे, आवडाबाई रोज तांदळाची भाकरी आणि भात घालतात. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

प्रीतीताई नंतर म्हणाल्या, त्या माणसाची चौकशी केलेलीस का? मी म्हटलं, ताई, त्यांना ठाण्यात सगळे ओळखतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बिस्ना खोलीतून बाहेर आली नाही. आवडाबाई म्हणाल्या, शनिवारपासून जेवणावर मन नाही तिचं. "कल्याणशी आली तवापासून अशीच बसलीय."

अंगणात सरू खेळत होती. डोंबिवलीच्या अंगणवाडीत जाते, मराठी झकास बोलते. मला म्हणाली, माझ्या बाईंना सांग मी येणार आहे. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सहज बोलल्यासारखं विचारलं की पप्पा आईला काय करतात. तिने खेळणं थांबवलं. पाठीमागून ताईंनी मला हाक मारली आणि बाजूला नेलं. लेकराच्या तोंडून केस उभी करायची नाही, असं म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मला ते लागलं. मी म्हटलं, मग करायचं काय, आई बोलत नाही, मुलीला विचारायचं नाही. ताई म्हणाल्या, थांबायचं.

मला थांबायला जमत नाही. आईही हेच म्हणते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी हर्क आश्रमाच्या दारात आला. बरोबर आणखी दोघं.

मी पोचले तेव्हा ते गेलेले. आवडाबाईंनी सांगितलं ते असं. आधी गोडीने बोलला, माझी बायको इथं आहे, न्यायला आलोय. त्या म्हणाल्या, "हितं कोन नाय. तू जा." मग त्याने फाटकाला हात घातला. त्यांनी आतून कडी लावून पोलिसांना फोन केला आणि गाडी येईपर्यंत फाटक धरून उभ्या राहिल्या. तो बाहेरून नेपाळीत ओरडत होता. काय ओरडत होता ते आश्रमात एकाच बाईला कळत होतं, आणि ती सरूचे कान दाबून मोरीत बसलेली. प्लास्टरच्या हाताने.

दुपारी ताईंनी दोघींना दुसरीकडे हलवलं. कुठं ते मला फोनवर सांगितलं नाही, भेटल्यावर सांगेन म्हणाल्या.

त्याला कळलं कसं, हे दिवसभर डोक्यात घोळतंय. दवाखान्यातून कोणी बोललं असेल. किंवा पहिल्या दिवसाचा रिक्षावाला. अंगणवाडीच्या बाईंना सरूबद्दल कळवलेलं, तिथूनही असू शकेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आई सकाळी भाकऱ्या थापत होती. मी परत तेच बोलत होते, रिक्षावाला, नर्स, अंगणवाडी. आईने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "त्या दुभाष्याला आश्रम कुठं ते ठाऊक होतं का?"

भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला.

टेंभी नाक्याला गेले. नरजितजी सोसायटीच्या केबिनमध्ये होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मला वाटलेलं नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "हर्क माझ्या बहिणीचा मुलगा आहे. मी त्याला समजावून पाठवलेलं, हात जोडून घेऊन ये म्हणून. त्याने तिथं तमाशा केला ते चुकलं त्याचं."

मी विचारलं, बिस्ना त्या दिवशी खरं काय बोलली? त्यांनी आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बाईमाणसाने असं परक्यासमोर बोलू नये. ते मी माझ्या तोंडाने कसं बोलू? ताई, तुम्ही केस कराल आणि पुढच्या केसला लागाल. या लोकांना उद्या एकमेकांच्या दारात उभं राहायचंय. कोणी आजारी पडलं, कोणी मेलं, तर येणार कोण? मी घर वाचवत होतो."

त्यांना खरंच तसं वाटतं, हे सगळ्यात वाईट. खोटारडा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. चहा तसाच टाकून उठले. बाहेर नाक्यावर उन्हात उभी राहिले, आणि कुठे जायचं ते सुचेना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बिस्नाला भेटले. नवीन जागेबद्दल इथंही लिहिणार नाही.

ताई म्हणाल्या, मी सांगू का तिला? मी नको म्हटलं. समोर बसून हिंदीत सांगितलं की आश्रमाचा पत्ता माझ्या तोंडून गेला. चूक माझी आहे. तुला दुसरा वकील हवा असेल तर ताई बघून देतील.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "आपने मेरेको पूछा नहीं. पूछता तो मैं बोलता. वो मामा है उसका."

एवढंच. त्या दिवशी तो माणूस दारातून आत आला तेव्हा तिने ओढणी ओढली आणि मला वाटलं मान. आणि तरी ती बोलली. नवऱ्याच्या मामासमोर, खाली बघून, सगळं बोलली, कारण तिला वाटलं असणार, आत्ता नाही बोलले तर पुन्हा कोणी विचारणार नाही. तो सगळं गिळून मला म्हणाला, नवरा मनाने वाईट नाही.

दुसरा दुभाषा आणू का, बाई आणू, तू म्हणशील ती, असं विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. "मैं बोलेगा. हिंदी में. धीरे."

वकील बदलायचं काही बोलली नाही. मीही परत विचारलं नाही.

४ मार्च, मंगळवार

रोज कोर्ट सुटल्यावर तासभर तिच्याकडे. मी कागद काढत नाही, तिला कागद दिसला की ती अडखळते. तिच्याबरोबर मटार सोलते, मेथी निवडते. डाव्या हाताने ती माझ्यापेक्षा भरभर निवडते. एखादं वाक्य बोलते, मग बराच वेळ नाही. हिंदी शब्द सापडला नाही की नेपाळी शब्द टाकते आणि माझ्याकडे बघते. कळला नाही तर मी सरळ सांगते, नहीं समझा. मग ती दुसरीकडून येते.

अछामच्या घराबद्दल बोलली. लग्नाआधी शाळेत आठवीपर्यंत. नवऱ्याला लग्नात पहिल्यांदा बघितलं. इथं आल्यावर खोलीला बाहेरून कुलूप लावून जायचा. सरू पोटात असताना त्याने स्टोव्ह फेकून मारला.

आणि आज मनगटाचं सांगितलं. पाय घसरला नव्हता.

६ मार्च, गुरुवार

आज तिने ते सांगितलं.

मला वाटलेलं की त्यासाठी तिला हिंदी शब्द सापडणार नाही. तिने शोधलाच नाही. "जबर्जस्ती," म्हणाली. "रात को. रोज. ना बोला तो हात मरोड़ा. बच्ची बाजू में सोया." जबर्जस्ती. त्यांच्याकडे असं म्हणतात, आपल्याकडे जबरदस्ती. हा शब्द समजायला दुभाषा लागत नाही. त्या शनिवारीही तो तिने उच्चारला असणार, माझ्यासमोर, आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसलेले.

मग तिने विचारलं, याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात? मला खरं सांगावं लागलं. नवऱ्याने बायकोवर केलं तर फौजदारी कायद्यात तो बलात्काराचा गुन्हा होत नाही. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मात्र लैंगिक छळ असा शब्द आहे, तो आपण अर्जात लिहू शकतो, मॅजिस्ट्रेट त्यावर संरक्षणाचा हुकूम देऊ शकतात. मारहाणीची, मनगटाची तक्रार वेगळी. हे सगळं मी कॉलेजात पाठ केलेलं, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. आज सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं.

ती म्हणाली, "लिखो." मग मेथीची काडी मोडत म्हणाली, "पूरा लिखो."

८ मार्च, शनिवार

महिला दिन. सकाळी डोंबिवलीला एका हॉलमध्ये सत्कार होता, ताईंना शाल दिली. मलाही स्टेजवर बोलावलं. दोन शब्द बोला म्हणाले. मी आभार मानून खाली उतरले.

दुपारी बिस्नाशी वाद झाला. मला पोलिसात तक्रार करायची होती, मनगटाची. दवाखान्याचे कागद आहेत, तो आत जाईल. तिला ते नको. तिला तीन गोष्टी हव्यात. सरू तिच्याकडे राहावी, त्याने जवळ येऊ नये, आणि तिचं कार्ड परत मिळावं. जेल नको. मी म्हटलं, असा माणूस मोकळा सोडायचा? तू घाबरतेस म्हणून असं बोलतेस. आवाज जरा चढलाच माझा. ती उठून आत गेली.

ताईंनी मला विचारलं, "केस कोणाची आहे?"

मला राग आला. मी म्हटलं, ताई, तुम्ही दर वेळी मला असं बोलता. पण घरी येताना मनाशी कबूल केलं, मला तो बेड्यांत बघायचा होता. तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला वेगळं करता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

अर्ज दाखल झाला. तिला हवा तसा. मनगटाची तक्रार पुढे कधीही करता येईल, ते तिला समजावून ठेवलंय. शेवटचा मसुदा मी हिंदीत वाचून दाखवला. तीन ठिकाणी तिने थांबवलं. "उसने शराब पी के मारा" असं मी लिहिलेलं. ती म्हणाली, नाही, प्यायलेला नसताना जास्त मारायचा. ते बदललं.

प्लास्टर निघालंय. मनगट जरा वाकडं जुळलंय. ती सारखी ते झाकते.

२८ मार्च, शुक्रवार

आज पहिली सुनावणी. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

हर्क आलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. किरकोळ अंगाचा, माझ्याएवढाच उंच. नरजितजी त्याच्या शेजारी. त्यांनी मला नमस्कार केला आणि माझाही हात सवयीने वर गेला. बिस्नाने दोघांकडे बघितलं नाही. माझ्या डाव्या बाजूला उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

समोरच्या वकिलांनी तेच काढलं. ही परदेशी नागरिक आहे, लग्न इथलं नाही, ओळख पटवणारा कागद नाही, अर्जच चालत नाही. तिला तिच्या देशात पाठवावं आणि मुलगी बापाकडे द्यावी. कागद नाही म्हणताना त्यांना काही वाटलं नाही. तो कागद त्यांच्याच अशिलाकडे आहे. मी उठले. कायद्यात पीडित महिला म्हणजे कोणतीही महिला, त्यात नागरिकत्वाचा शब्दच नाही, आणि ती जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या कोर्टात तिला दाद मागता येते. आवाज बरा निघाला.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी अर्ज वाचला. मग लोकांना बाहेर काढून दार बंद करायला सांगितलं. नरजितजींनाही जावं लागलं. मॅडमनी बिस्नाला हिंदीत विचारलं, दुभाषा हवाय का? ती म्हणाली, नको. मॅडम म्हणाल्या, काय सांगायचंय ते सांग.

आम्ही तयारी केलेली. आधी लग्न, मग कुलूप, मग स्टोव्ह, असं क्रमाने. तिने त्यातलं काही घेतलं नाही. वाकडं मनगट ओढणीतून बाहेर काढलं आणि टेबलाच्या कडेवर ठेवलं.

"मैं गिरा नहीं था," ती म्हणाली. "इसने तोड़ा. रात को मैं ना बोला, इसलिए तोड़ा."

समोरचे वकील उठले, मॅडमनी हातानेच त्यांना बसवलं. बिस्ना बोलत राहिली. शब्द अडायचे, ती थांबायची. कोणी तिला शब्द सुचवला नाही, मीही नाही. मला तोंड आवळून धरावं लागलं. ती जबर्जस्ती म्हणाली तेव्हा हर्क भिंतीकडे बघायला लागला, आणि शेवटपर्यंत तिकडेच बघत होता.

अंतरिम हुकूम झाला. त्याने तिच्या किंवा मुलीच्या जवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्या कोणाकरवी निरोप पाठवायचा नाही. सरू आईकडे. कार्ड पुढच्या तारखेच्या आत कोर्टात जमा करायचं.

बाहेर आल्यावर मला तिला मिठी मारावीशी वाटली. ती म्हणाली, सरूला भूक लागली असेल. आवडाबाई सरूला सांभाळायला मुद्दाम खारेगावहून आलेल्या, आवारात बाकावर तिला वडापाव भरवत होत्या.

५ एप्रिल, शनिवार

हर्क म्हणतो कार्ड हरवलं. पोलीस जाऊन खोली बघून आले, मिळालं नाही. तिच्या जिल्ह्यातूनच दुसरं काढावं लागेल, म्हणजे तिला अछामला जावं लागेल. आणि तिकडून काल तिच्या वडिलांचा फोन आला. बोलणं झाल्यावर ती सरूचे केस विंचरत बसली. काय म्हणाले ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. "गाँव में सब को मालूम पड़ा. बोला, इस बार दसैं में मत आना."

दसैं म्हणजे त्यांचा दसरा, माहेरी जायचा सण. कंगवा थांबला नाही.

मंडळातल्या बायकाही आता तिच्याशी बोलत नाहीत. एक फोन करायची, तिनेही बंद केला. नरजितजी म्हणालेले, कोणी मेलं तर येणार कोण. त्यांच्या बोलण्यातलं तेवढं खरं ठरलं, पण ते खरं करण्यात त्यांचाही हात आहे. हे दोन्ही एकदम लिहिताना विचित्र वाटतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी आईबरोबर विहारात वंदना, मग मिरवणूक. आईने नवी पांढरी साडी नेसलेली, पार पुलापर्यंत चालली. आपली पोरगी वकील आहे हे वाटेत भेटेल त्याला सांगत होती. मी एका बाईची केस जिंकले असंही. मी म्हटलं, आई, अजून काही जिंकलेलं नाही. ती म्हणाली, "ती बाई बोलली ना?"

दुपारी ताईंचा फोन. हर्क डोंबिवली सोडून गेलाय. गाडी विकली, खोली सोडली. कुठे गेला कोणाला माहीत नाही. जवळ यायचं नाही असा हुकूम आहे आमच्याकडे, पण तो बजावायचा कोणावर.

२६ एप्रिल, शनिवार

बिस्नाला काम मिळालं, एका पोळी-भाजी केंद्रात. आश्रमातल्याच एका बाईबरोबर खोली घेऊन ती बाहेर पडलीय. सरूला जवळच्या अंगणवाडीत घातलंय. ती स्वतः केंद्रात येऊन हे सांगून गेली.

मी आनंदाने विचारलं, कुठे घेतली खोली?

ती म्हणाली, "कोर्ट में दिया है, बंद लिफाफा. आपको नहीं बोलेगा."

मी हसून बरं म्हटलं. ती गेल्यावर मात्र मला फार लागलं. इतके दिवस, इतकं सगळं केल्यावर. मी तिची वकील आहे. ताईंना म्हटलं, अजून विश्वास नाही तिचा. ताई म्हणाल्या, "पाठ करून ठेवलेलं दिसत होतं तिने ते वाक्य. तुला दुखवायचं नव्हतं तिला, म्हणून."

५ मे, सोमवार

सुट्टीआधीची शेवटची तारीख. मला भीती होती की ती येणार नाही. हर्कचा पत्ता नाही, कामावरून खाडा करायचा, वर कोर्टात काही होणार नाही हेही तिला ठाऊक. मी पोचले तर ती आधीच व्हरांड्यात उभी. अंगावर पिवळा कुर्ता, हाताच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं, पुसायचं राहून गेलेलं. सरू पायाशी बसून खडूने फरशीवर रेघा मारत होती.

हर्क आला नाही. त्याच्या वकिलांना त्याचा ठावठिकाणा माहीत नाही. मॅडमनी हुकूम पुढे चालू ठेवला आणि त्याच्यावर वॉरंट काढलं. सगळं आटपायला फार वेळ लागला नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, पुढची तारीख कधी? मी सांगितली. तिने ती दोनदा मनाशी म्हटली. मग मनगटाची तक्रार अजून करता येईल का, असं विचारलं. येईल, म्हटलं. कधी करायची ते तू ठरव.

"सोचेगा," ती म्हणाली.

फाटकाबाहेर रिक्षाची रांग होती. रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारलं तेव्हा तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी दोन पावलं मागे सरले, आणि ऐकू येणार नाही इतकी लांब जाऊन उभी राहिले.